शाळेच्या गच्चीवर रेडिओ दुर्बीण

आकाशगंगेचा सर्वांत भरगच्च पट्टा, वृश्चिक-धनूकडचा, रात्रीच्या पहिल्या प्रहरी वर येतो तो नेमका आषाढ-श्रावणात. आणि तेव्हाच गोमंतकाचे आकाश ढगांनी झाकलेले असते. विद्यालयांनी घेतलेल्या काचेच्या दुर्बिणी त्या काळात कपाटात पडून बुरशी धरतात.

यावर उपाय आहे, आणि तो आता महागही राहिलेला नाही. अवकाशातील हायड्रोजन वायू 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडत असतो. त्यांना ढगांची आडकाठी नाही, दिवसाउजेडाचीही नाही. 1951 साली हार्वर्ड विद्यापीठात युएन व पर्सेल यांनी त्या प्रथम टिपल्या, त्या लाकूड व तांब्याचा पत्रा यांपासून केलेल्या कर्ण्याने आणि 500 डॉलरच्या अनुदानावर. खिडकीबाहेर काढलेल्या त्या कर्ण्यातून पावसाचे पाणी प्रयोगशाळेत शिरे. (कर्ण्याच्या तोंडावर प्लास्टिक बांधावे, हे कोकणपट्टीतील मुलांना शिकवावे लागणार नाही.) आज ॲल्युमिनियमच्या कागदाने मढविलेला पुठ्ठ्याचा कर्णा, एक लहान प्रवर्धक, बोटाएवढा रेडिओग्राहक आणि शाळेतला संगणक एवढ्यावर भागते. खर्च काही हजार रुपये.

या यंत्रातून चित्र दिसत नाही. पडद्यावरील रेषेवर एक उंचवटा उमटतो, इतकेच. शनीची कडी पाहू इच्छिणाऱ्यांची निराशा होईल, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. परंतु तो उंचवटा 1420 मेगाहर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे किती सरकला, यावरून वायू आपल्याकडे येतो की दूर जातो आणि कोणत्या वेगाने, हे शाळेच्या गणिताने काढता येते. आकाशगंगा फिरते, याचा पुरावा मुलाने स्वतःच्या वहीत मांडावयाचा! गोविंद स्वरूप यांनीही 1965 साली कल्याणला आरंभ केला तो ऑस्ट्रेलियाने दिलेल्या 32 लहान तबकड्यांवर; खोडदच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या फार नंतरच्या.

शिक्षण खात्याने प्रत्येक तालुक्यातील एका विद्यालयास हे साहित्य द्यावे, अशी आमची सूचना आहे. मात्र आधी दोन शिक्षक तयार करावेत. अन्यथा कर्णाही त्याच कपाटात जाईल. तसेच परदेशी तयार संचांसाठी निविदा काढीत बसू नये. पत्रा कापणारे कारागीर म्हापशात आहेत, मडगावात आहेत. मनात आणल्यास पुढील मृगापूर्वी पहिला कर्णा गच्चीवर चढू शकतो.