पहिला जोड स्वतःसाठी

थंडी पडू लागली की घराघरांतून लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. बाळाचे टोपरे, अब्बांचा मफलर, नातवाचा स्वेटर यांवर हात सहज चालतो. मोज्यांचे नाव काढले की मात्र ‘ते आपल्याला जमायचे नाही’ असे उत्तर येते. म्हणून या महिन्यात आम्ही मोज्यांची बाजू घेणार आहोत.

भीती असते ती टाचेची. खरे तर मोजा म्हणजे एक नळी आणि तिला एक वळण. पहिल्या जोडासाठी जरा जाड लोकर आणि दोन्हीकडे टोक असलेल्या सव्वातीन मिलिमीटरच्या पाच सुया घ्याव्यात. ४८ टाके घालून चार सुयांवर बारा-बारा वाटावेत. पाचवी सुई विणायला. टाके घालताना दोन सुया एकत्र धरल्या तर वरची कड सैल राहते आणि वजूच्या वेळी मोजा पटकन निघतो. चार बोटे दोन सुलट-दोन उलट विणावे, मग घोट्यापर्यंत सगळे सुलट.

आता टाच. अर्ध्या, म्हणजे २४ टाक्यांवर मागे-पुढे २४ ओळी विणाव्यात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलावा. मग १४ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि ओळ अर्धी सोडून काम उलटावे. पहिला टाका उचलून पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा वळावे. प्रत्येक ओळीत मधला एक टाका वाढत जातो. शेवटी १४ टाके उरतात आणि हातात टाचेची वाटी तयार असते. दोन्ही कडांवरून बारा-बारा टाके उचलून पुन्हा गोल विणू लागावे आणि एक फेरी सोडून एक फेरीत दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी करत पुन्हा ४८ वर यावे.

पंजा किती लांब ठेवायचा, हे मोजपट्टीपेक्षा पाय चांगले सांगतो. मोजा घालून पाहावा. बोटांच्या टोकाला पाच सेंटिमीटर उरले की टाके कमी करायला लागावे. म्हणूनच आमचे सांगणे आहे, पहिला जोड स्वतःच्या पायाचा करा. तो पाय सदैव हाताशी असतो! आणि दुसरेही एक कारण आहे. घरात सगळ्यांसाठी विणणारीच फजरच्या वेळी गार फरशीवर अनवाणी फिरत असते.

ही कला आपल्याला परकी नाही. सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जे सर्वांत जुने नमुने आज माहीत आहेत, त्यांत मध्ययुगीन मुस्लिम इजिप्तमधले निळे-पांढरे सुती मोजे आहेत. काहींवर अरबी अक्षरांची नक्षी आहे.

एक सूचना घरच्यांनाही. टाचेच्या त्या दहा ओळी चालू असताना तिला चहासाठी हाक मारू नका. चहा तुम्हीच करा.

आणि भगिनींनो, पहिला मोजा संपेल त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके घाला. एकटा मोजा पेटीत पडला की वर्ष निघून जाते. बिस्मिल्लाह करा आणि जोड पुरा करा.