बुस्केट्स हळू होता. बरं, मग?

सर्जिओ बुस्केट्सचा विषय निघाला की आमच्या फ्लॅटवर जेवण थंड होतं. चौघांपैकी एक माद्रिदवाला, एक युनायटेडवाला, मी बार्सावाला आणि चौथा बिचारा क्रिकेटवाला, त्याला फक्त रिमोट हवा असतो. मेस्सी-रोनाल्डोवर आम्ही हल्ली भांडत नाही, त्यात आता दम राहिलेला नाही. पण डिफेन्सिव्ह मिडफिल्डरवर भांडायला जाम मजा येते. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात, गोलकीपरने खाल्लेले गोल मोजता येतात. या माणसाचं काय मोजणार? त्यामुळे प्रत्येकजण आपापल्या डोळ्यांचा हवाला देतो आणि रात्रीचा एक वाजतो.

बुस्केट्स डिसेंबर २०२५ मध्ये इंटर मायामीला एमएलएस कप जिंकून देऊन निवृत्त झाला. वाद मात्र अजून खेळतोय.

माद्रिदवाल्याचं आरोपपत्र आम्हाला पाठ आहे. एक, हा हळू आहे. सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस वळायला लागला की एसटी डेपोत वळतेय असं वाटतं. दोन, एकदा का कुणी याच्या बाजूने निसटलं की हा फक्त शर्ट ओढू शकतो. तीन, बार्सासाठी ७२२ सामने आणि गोल किती, तर १८! चार, नाटकी. २०१० च्या सेमीफायनलमध्ये इंटरच्या थियागो मोटाला रेड कार्ड मिळालं तेव्हा तोंडावर हात ठेवून बोटांच्या फटीतून कोण बघत होतं? (या चौथ्या मुद्द्यावर मी गप्प बसतो. बघत होता.)

माझ्या बाजूची यादीही तयार असते. बॉल येण्याआधी मान वळवून सगळं मैदान पाहून ठेवलेलं, पहिल्याच टचमध्ये अंगावर आलेला माणूस चुकीच्या दिशेला गेलेला, आणि दोन ओळींमधून सरळ पुढे गेलेला पास. देल बोस्केच्या नावावर एक वाक्य खपवलं जातं, त्याचा आशय असा की सामना पाहिलात तर बुस्केट्स दिसत नाही, पण बुस्केट्सला पाहिलंत तर अख्खा सामना दिसतो. ते मी दर वादात एकदा तरी फेकतो.

सांगायचा मुद्दा असा, की दोन्ही याद्या खऱ्या आहेत. नुसत्या खऱ्या नाहीत, ती एकच यादी आहे. आणि त्या यादीत पुरेसं महत्त्व कुणी दिलं नसेल तर ते अंतराला. या माणसाला किती मीटर जागा राखायची आहे, हे विचारल्याशिवाय त्याचा गुण काय आणि दोष काय हे ठरवताच येत नाही, असं माझं स्वच्छ मत आहे.

जे फुटबॉल फारसं बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा माणूस उभा असतो डिफेन्सच्या पुढे आणि बाकीच्या मिडफिल्डच्या मागे. आपल्या टीमकडे बॉल असताना सेंटर-बॅककडून तो घेऊन पुढे पोचवायचा, ही अर्धी नोकरी. बॉल गेला की समोरच्यांनी पहिला पास जिथे द्यायचा ठरवलंय तिथे आधीच जाऊन उभं राहायचं, ही उरलेली अर्धी. आता बघा, ग्वार्डिओलाच्या बार्सामध्ये बॉल गेला की पुढचे पाच-सहाजण तिथल्या तिथे तुटून पडायचे. डिफेन्सची ओळ मध्यरेषेपर्यंत वर आलेली. म्हणजे बुस्केट्सच्या पुढे दहा मीटर, मागे दहा-पंधरा मीटर. बॉल ज्याच्याकडे आहे त्याला वर मान करायलाही वेळ नाही, तो घाईत जो पास देणार तो कुठे जाणार हे बुस्केट्सला आधीच कळलेलं. तो दोन पावलं पुढे टाकणार आणि बॉल काढून घेणार. दोन पावलांसाठी वेग कशाला लागतो?

२००८ मध्ये ग्वार्डिओलाने त्याला वर आणलं तेव्हा तो आदल्या हंगामात चौथ्या पातळीवरच्या लीगमध्ये बार्सा बीकडून खेळत होता. आणि त्या जागेवर आधीपासून होता यया तुरे! ताकद, वेग, लांबून गोल, सगळं काही. कागदावर दोघांचे गुण लिहिले तर तुलनाच नाही. तरी २००९ च्या रोममधल्या फायनलला तुरे सेंटर-बॅकला खेळला आणि मिडफिल्डला बुस्केट्स. २०१० मध्ये तुरे सिटीला गेला. तुरे वाईट होता का? छे! सिटीत त्याने काय केलं ते युनायटेडवाल्याला विचारा, अजून डोळे पाणावतात. पण त्या दहा मीटरांत तुरेच्या धावण्याचा उपयोग नव्हता आणि बुस्केट्सच्या पहिल्या टचचा होता.

टॅकलचं जे आपल्याला आकर्षण आहे त्याचं मूळ मला माहीत आहे. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर आमच्या पेठेतल्या पोरांबरोबर दगडी पायऱ्यांवर बसून जे फुटबॉल पाहिलं त्यात शिट्ट्या दोनच गोष्टींना पडायच्या. एक गोल, दुसरी समोरच्याला बॉलसकट उचलून टाकलेली टॅकल. शांतपणे पास अडवणाऱ्याला कोण शिट्टी मारणार? "काय उभारलाय नुसता, पळ की लेका!" हे मात्र हमखास ऐकू यायचं. चाबी अलोन्सोने २०११ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की लिव्हरपूलमधली तरुण पोरं आपलं बलस्थान म्हणून टॅकलिंग सांगायची आणि त्याला ते समजायचंच नाही. त्याच्या मते टॅकल हा नाइलाजाचा उपाय आहे, गुण नव्हे. आणि हा अलोन्सो तेव्हा रिअल माद्रिदचा होता बरं का. आमचा माद्रिदवाला हा किस्सा आला की पाणी प्यायला किचनमध्ये जातो.

याच अलोन्सोवरून आणि बुस्केट्सवरून २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनमध्ये मोठा गदारोळ झाला होता. पहिल्याच सामन्यात स्वित्झर्लंडकडून १-० हार. लगेच ओरड सुरू, की दोन-दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डर कशाला? एक काढा, पुढे कुणी घाला. देल बोस्केने काही एक बदललं नाही. उलट आपण खेळाडू असतो तर बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलून मोकळा झाला. पुढे पूर्ण स्पर्धेत स्पेनने दोनच गोल खाल्ले आणि बाद फेरीच्या चार सामन्यांत एकही नाही. चारही सामने १-० ने जिंकले. कंटाळवाणे? असतील. कप आला.

आता उलटी बाजू, कारण ती टाळली तर मी नुसता भक्त ठरेन.

१४ ऑगस्ट २०२०, लिस्बन. बायर्न ८, बार्सा २. हाफटाइमलाच ४-१ होतं. त्या रात्री बुस्केट्सला बघवत नव्हतं. बायर्नची पोरं त्याच्या दोन्ही बाजूंनी अशी जात होती जशी सिग्नल लागलेल्या रिक्षाच्या बाजूने बाइकवाले जातात. "संपला, संपला" हे शब्द मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकलेत की विचारू नका, आणि बार्सावाल्यांकडूनच जास्त. पण नीट बघा. पुढे मेस्सी आणि सुआरेझ, दोघेही तेहतिशीचे, प्रेस करणार नाहीत. मागचे सेंटर-बॅक वेगाला घाबरून मागे सरकलेले. म्हणजे बुस्केट्सच्या पुढे पंचवीस मीटर मोकळे आणि मागे वीस. तिथे पोचायला पाय लागतात, आणि ते त्याला विशीतही नव्हते. बत्तिशीत तो हळू झाला असं लोक म्हणतात. अहो, तो बाविशीतही हळूच होता! बदललं ते त्याच्या आजूबाजूचं.

पुरावा? पुढच्याच वर्षी युरोमध्ये कोविडमुळे तो पहिल्या दोन सामन्यांना नव्हता. स्पेनने दोन्ही बरोबरीत सोडवले. तो परत आला आणि स्लोव्हाकियाला ५-०. ऑक्टोबर २०२१ मध्ये नेशन्स लीगच्या फायनलमध्ये फ्रान्सकडून स्पेन हरलं, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू बुस्केट्स. लिस्बनमध्ये "संपलेला" माणूस चौदा महिन्यांनी युरोपातल्या बड्या संघांत सर्वोत्तम कसा होतो? लुइस एन्रिकेची टीम तरुण होती, पळायची, एकमेकांना धरून राहायची. मीटर कमी झाले, बस. २०२२-२३ मध्ये चावीने त्याच्या शेजारी फ्रेंकी डी याँगला आणून ठेवलं, तर चौतीस वर्षांच्या कॅप्टनच्या टीमने ३८ लीग सामन्यांत फक्त २० गोल खाल्ले आणि लीग जिंकली.

इथे माद्रिदवाला कासेमिरो काढतो. काढणारच. तीन लागोपाठ चॅम्पियन्स लीग, टॅकल, हेडर, दणकट अंग, म्हणजे बुस्केट्सच्या नेमका उलट. मान्य! पण तोच कासेमिरो युनायटेडमध्ये पहिल्या वर्षी हिरो होता, न्यूकॅसलविरुद्ध लीग कपच्या फायनलला गोल मारला. आणि मे २०२४ मध्ये क्रिस्टल पॅलेसने ४-० ने धुतलं त्या रात्री सेंटर-बॅकला उभा करून त्याची जी शोभा झाली ती आमच्या युनायटेडवाल्याने अर्ध्यात टीव्ही बंद करून साजरी केली. वय झालं होतंच, नाही कशाला म्हणू. पण माद्रिदमध्ये त्याच्या एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला मॉड्रिच होते. युनायटेडमध्ये मिडफिल्डच्या नावाखाली नुसतं मोकळं गवत होतं. म्हणजे ज्याच्याकडे टॅकल आहेत तोही त्याच खड्ड्यात पडला.

या सगळ्यावर खरा बिनतोड प्रश्न मला माद्रिदवाल्याने विचारला नाही, क्रिकेटवाल्याने विचारला. "मग जो कुठल्याही टीममध्ये चालतो तो मोठा नाही का?" त्याचं उत्तर आहे कांते. २०१६ मध्ये लेस्टरकडून लीग जिंकला, २०१७ मध्ये चेल्सीकडून. दोन वर्षं, दोन क्लब, दोन लीग. बुस्केट्सला लेस्टरमध्ये टाकलं असतं तर महिनाभरात बेंचवर दिसला असता, हे मी बार्साचा शर्ट घालून लिहितोय. त्याला बाकीच्यांनी जागा आखडून द्यावी लागते. कांते ती स्वतः धावून आखडतो. पण कांतेला ग्वार्डिओलाच्या बार्सात घातलं असतं तर सेंटर-बॅककडून पाठ वळवून बॉल घेणं, माणूस अंगावर ओढून घेणं, हे कुणी केलं असतं? मला बुस्केट्सच हवा. यातलं किती पक्षपाती आहे हे तुम्हीच ठरवा :)

थोडं अवांतर. अप्रेझलचा सीझन आला की मला हा वाद जास्त छळतो. एका जुन्या प्रोजेक्टवर आमच्यात एक सीनियर होते, डेटाबेस सांभाळायचे. दिवसभर शांत. त्यांच्या फॉर्मवर "या वर्षातली ठळक कामगिरी" या रकान्यात काय लिहायचं? सर्व्हर पडला नाही? पडलाच नाही तर तो यांच्यामुळे पडला नाही हे सिद्ध कोण करणार? रात्री दोनला पडलेला सर्व्हर उठवणाऱ्याला मात्र सगळ्या टीमसमोर टाळ्या. ते दुसरीकडे गेले, आणि आम्ही पुढचे सहा महिने टाळ्या मिळवण्यात घालवले. असो.

बार्साने बुस्केट्सनंतर ओरिओल रोमेउला आणलं. एका वर्षात त्याला जिथून आणला तिथे, जिरोनाला, परत पाठवावं लागलं. २०२३-२४ मध्ये लीगमध्ये खाल्लेले गोल २० वरून ४४ वर गेले. सगळं एका माणसाच्या जाण्यामुळे झालं असं म्हणणं बावळटपणाचं होईल, त्या वर्षी टेर स्टेगनही मोठा काळ जखमी होता. पण ज्यांनी तीन वर्षं "याला हाकला" चालवलं होतं ते त्या हिवाळ्यात फार शांत होते, एवढं नक्की. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, बॅलन डी'ओर मिळाला रॉड्रीला, म्हणजे डिफेन्सिव्ह मिडफिल्डरला. माद्रिदवाले समारंभालाच गेले नाहीत. आमच्या माद्रिदवाल्यानेही दोन दिवस भांडी घासली नाहीत.

तुम्हालाही या वादात पडायचं असेल तर एक करा. मे २०११ ची वेम्बलीची फायनल शोधून काढा, बार्सा ३, युनायटेड १. मेस्सीला दहा मिनिटं विसरा. अवघड आहे, पण विसरा. फक्त १६ नंबरकडे बघा आणि बॉल यायच्या आधी तो किती वेळा मान वळवतो ते मोजा. मोजून झालं की मला कळवा, माद्रिदवाल्याला आकडा हवाय.