पक्ष्याची आंघोळ आणि आपला श्वास

मोबाइलवर पोपटाचा एक व्हिडीओ शेवटपर्यंत पाहिला की पुढे तसेच दहा येतात. त्यातला एक ठरलेला प्रकार म्हणजे शॉवरखाली मालकाच्या खांद्यावर बसून पंख पसरणारा, मान वाकडी करून पाणी झेलणारा पक्षी. पाहायला गोड असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॉकाटील, लव्हबर्ड, कन्युअर, आफ्रिकन ग्रे हे पक्षी आता फक्त मुंबई-पुण्यातल्या श्रीमंत घरांपुरते राहिलेले नाहीत. त्यामुळे ‘पक्ष्याला बरोबर घेऊन आंघोळ केली तर चालेल का?’ हा प्रश्न पशुवैद्यांप्रमाणे आम्हा माणसांच्या डॉक्टरांकडेही येऊ लागला आहे.

उत्तर सरळ आहे. पक्ष्याला आंघोळ हवीच, आणि त्याने ती शॉवरखाली केली तरी हरकत नाही. पण त्याची आंघोळ आणि तुमची साबणाची, गरम पाण्याची आंघोळ एकाच वेळी नको. त्यामागचे कारण पाण्यापेक्षा हवेत जास्त आहे.

पक्षी आणि माणसाचे आरोग्य हा विषय अलीकडे बातम्यांत आला तो वेगवेगळ्या निमित्तांनी. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातल्या पाच देशांत सिटॅकोसिसचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रिया, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन आणि नेदरलँड्स हे ते देश. एकूण पाच मृत्यू झाले होते. एकट्या डेन्मार्कमध्ये त्या फेब्रुवारीअखेर २३ रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, १५ जणांना न्यूमोनिया झाला आणि चौघे दगावले. बहुतेक रुग्णांचा पाळीव किंवा रानातल्या पक्ष्यांशी संबंध आला होता.

त्याच सुमारास आपल्याकडे केंद्र सरकारने विदेशी प्रजातींच्या नोंदणीचे नियम काढले. आफ्रिकन ग्रेसारखे, आंतरराष्ट्रीय करारात संरक्षित असलेले पक्षी घरी असतील तर त्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करणे बंधनकारक झाले. (बजरीगर आणि कॉकाटील त्यातून वगळलेले आहेत. आपला देशी राघू किंवा पहाडी मैना मात्र पाळताच येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आजीच्या काळापासून पिंजरा घरात असला तरी.) मग २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईतले कबुतरखाने बंद करण्याचा आदेश, उच्च न्यायालयातली सुनावणी, दादरच्या कबुतरखान्यावर घातलेली ताडपत्री आणि ती फाडणारा जमाव, हे सगळे आपण टीव्हीवर पाहिले.

त्या वादात फुप्फुसाच्या आजाराचे नाव रोज घेतले जात होते. पण फुप्फुसाला कबुतर आणि कॉकाटील यांतला फरक कळत नाही. चौकातल्या कबुतरांवर तावातावाने बोलणाऱ्या घरातही हॉलमध्ये पिंजरा टांगलेला असू शकतो. चौकातून माणूस पाच मिनिटांत निघून जातो. घरातल्या हवेत तो दिवसाचे बारा-चौदा तास असतो.

पक्ष्यांमुळे होणारे फुप्फुसाचे दोन आजार वेगळे ओळखायला हवेत. सिटॅकोसिस हा जंतुसंसर्ग आहे. क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू पक्ष्याच्या शिटेतून आणि नाकातल्या स्रावातून बाहेर पडतो. शीट वाळते, तिची धूळ होते आणि ती आपण श्वासावाटे घेतो. बाधित पक्षी वरून ठणठणीत दिसू शकतो. साधारण पाच ते चौदा दिवसांनी माणसाला ताप, जबरदस्त डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या पोपटांबरोबर हा आजार युरोप-अमेरिकेत पसरला, तेव्हा औषधच नव्हते. आज डॉक्सिसायक्लिन आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळते. अडचण एवढीच की न्यूमोनियाला सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधे या जिवाणूवर चालत नाहीत. म्हणजे पक्ष्याचा उल्लेख झालाच नाही, तर रुग्णाला चुकीचे अँटिबायोटिक मिळून हाताशी असलेले दिवस वाया जाण्याची शक्यता असते.

दुसरा आजार संसर्गच नाही. पक्ष्याच्या शिटेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिने वर्षानुवर्षे श्वासातून आत जातात आणि काही माणसांचे शरीर त्यांच्याविरुद्ध पेटून उठते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कधी तो पिंजरा साफ केल्यावर चार-सहा तासांनी थंडी-ताप आणि धाप म्हणून दिसतो. पण जास्त फसवा असतो तो हळूहळू येणारा प्रकार: जिना चढताना दम लागणे, सुका खोकला, वजन घटणे. आमच्या ओपीडीत असे रुग्ण पोहोचतात तेव्हा त्यांच्या फायलीत दम्याचे इनहेलर असते, कधी कधी क्षयाच्या गोळ्यांचा कोर्सही झालेला असतो. फुप्फुसात एकदा व्रण पडून ते घट्ट झाले की ती जागा पुन्हा पूर्ववत होत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदवहीत फुप्फुसाच्या अशा जाळीदार आजारांचे १,०८४ भारतीय रुग्ण होते आणि त्यातल्या ४७ टक्क्यांहून अधिक जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसच होता. सगळ्यांचे कारण पक्षी नव्हते. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संबंध आला होता. पण हा आजार आपल्याकडे दुर्मीळ नाही, हे त्यावरून कळते.

आता शॉवरकडे वळू. गंमत अशी की या दोन्ही आजारांच्या बाबतीत ओला पक्षी कोरड्या पक्ष्यापेक्षा बरा. कॉकाटील, काकाकुवा आणि आफ्रिकन ग्रे यांच्या अंगावर खास प्रकारची पिसे असतात, ज्यांची सतत पांढरी पूड होत राहते. काळ्या शर्टावर कॉकाटील बसवून पाहा, लगेच दिसेल. नियमित आंघोळीने ती पूड पाण्याबरोबर वाहून जाते आणि खोलीत उडणारी धूळ कमी होते. पिसेही चांगली राहतात. म्हणून पक्ष्याला न्हाऊ घालणे हा मालकाच्याही फायद्याचा भाग आहे.

बिघडते ते आपण स्वतः त्याच वेळी आंघोळ करतो तेव्हा. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्यासारखी नसते. त्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, मागेपुढे हवेच्या पिशव्या असतात आणि रक्त व हवा यांच्यातला पडदा अतिशय पातळ असतो. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्यामुळेच मिळतो, पण हवेतले विषही तितक्याच वेगाने आत शिरते. चार फूट बाय सहा फुटांची बंद बाथरूम, त्यात वाफ, शाम्पूचा सुगंध, बाहेर येताच मारलेला डिओ आणि सकाळीच फरशीवर ओतलेले ॲसिड. आपल्याला फार तर शिंक येईल. पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते.

यात सगळ्यात गंभीर मुद्दा गॅस गिझरचा आहे. आपल्याकडे असंख्य घरांत तो बाथरूमच्या आतच बसवलेला असतो, आणि थंडीत खिडकीही लावून घेतली जाते. कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आंघोळीला गेलेली धडधाकट व्यक्ती आत बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. भारतीय न्यूरॉलॉजिस्टांनी या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. फिट आली म्हणून आणलेला रुग्ण प्रत्यक्षात गॅसने गुदमरलेला निघतो.

खाणीत उतरताना कॅनरी पक्षी बरोबर नेण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत होती. जॉन हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती सुचवली होती, कारण कार्बन मोनॉक्साइडने पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. तुमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर आत असेल आणि पक्षी शॉवरखाली अचानक सुस्त झाला, चोच उघडी ठेवून धापू लागला किंवा दांडीवरून पडला, तर आधी दार उघडून स्वतः बाहेर या आणि गिझर बंद करा. त्या बाथरूममध्ये पक्षीच काय, माणसानेही दार-खिडकी बंद करून आंघोळ करू नये. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेणे हा एकच खरा उपाय आहे. कोपऱ्यातला छोटा एक्झॉस्ट त्याला पुरेल असे समजू नका.

हे नसेल तर पक्ष्याची आंघोळ अवघड नाही. पाणी साधे, खोलीच्या तापमानाचे किंवा किंचित कोमट असावे. पक्ष्याला घाम येत नाही, त्यामुळे गरम पाण्याने त्याचे अंग पटकन तापते आणि पिसांवरचे तेलही निघते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी काय तापलेले असते ते सांगायला नको. तेव्हा नळ सोडायच्या आधी हात लावून पाहा. धार थेट अंगावर नको. भिंतीवर आपटून उडणारे तुषार पुरतात; स्प्रेची बाटलीही चालते. साबण, शाम्पू अजिबात नको. तो पाठ फिरवत असेल, अंग चोरत असेल तर जबरदस्ती करू नये. पाण्याने भरलेली बादली, टब आणि उघडा कमोड यांत लहान पक्षी बुडतो, म्हणून झाकणे आधी लावावीत, आणि व्हेंटिलेटरच्या काचांमधली फटही पाहावी. वेळ सकाळची किंवा दुपारची, म्हणजे अंधार पडायच्या आत पिसे वाळतात. हेअर ड्रायर टाळावा: काहींच्या आतल्या भागांवर नॉनस्टिकसारखा लेप असतो आणि तो तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांना मारक ठरतो.

आंघोळ करताना पक्षी हमखास शिटतो. ती शीट ओली असतानाच पाण्याने धुवावी, मग साबणाने फरशी आणि हात. पिंजऱ्यातली वाळलेली शीट झाडूने झाडणे ही सगळ्यात वाईट सवय. आधी पाणी शिंपडा, मग पुसून घ्या, मास्क लावून. नुकताच विकत आणलेला पक्षी निदान महिनाभर इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवावा आणि पशुवैद्याकडून तपासून घ्यावा. तोवर त्याला खांद्यावर घेऊन भिजणे वगैरे नको. पिसे फुगवून बसलेला, डोळे-नाक गळणारा, हिरवी पातळ शीट करणारा पक्षी तर नकोच. गरोदर स्त्रिया, दम्याचे रुग्ण, केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि घरातली लहान मुले यांनी पक्ष्याची आंघोळ आणि पिंजऱ्याची सफाई दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी.

राहिला दवाखान्याचा प्रश्न. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर विडी-तंबाखूचा रकाना असतो, पक्ष्यांचा नसतो. ओपीडीत एका रुग्णामागे मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टर विचारतीलच असे नाही. ताप-खोकल्यासाठी किंवा वाढत जाणाऱ्या दम्यासाठी गेलात तर घरात कोणता पक्षी आहे, किती वर्षांपासून आहे, पिंजरा कोण साफ करते, एवढे स्वतःहून सांगा. शेजारच्या गॅलरीत कबुतरे बसत असतील तर तेही सांगा.

हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे निदान पक्के झाले, तर पक्षी घराबाहेर जावाच लागतो. हे सांगताना आम्हालाही जड जाते, कारण बऱ्याचदा तो एकट्या राहणाऱ्या माणसाचा दिवसभराचा सोबती असतो. काही जण तडजोड म्हणून पिंजरा गॅलरीत हलवतात, पण तेवढ्याने भागत नाही. पक्षी दुसऱ्या घरी दिल्यावरही त्याची प्रथिने पडद्यांत, गाद्यांत, पंख्याच्या पात्यांवर अनेक महिने टिकतात. त्यामुळे कापडी वस्तू धुवून किंवा बदलून घ्याव्यात, बाकी घर ओल्या फडक्याने पुसावे, आणि ते काम रुग्णाने स्वतः करू नये.