‘ए-वन’, पण कोणासाठी?

आपल्या गावात एखादी ‘ए-वन’ बेकरी किंवा ‘ए-वन’ टेलर्स असेलच. ही दोन अक्षरे लंडनच्या विमेकऱ्यांच्या वहीतून जगभर पसरली. तेथे त्यांचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच अरुंद होता. जुन्या शिडाच्या जहाजांविषयी लिहिताना ‘हे जहाज ए-वन दर्जाचे होते’ असे आपण अभिमानाने नोंदवतो, म्हणून हा धागा.

लॉइडच्या कॉफीगृहात जमणाऱ्या विमेकऱ्यांची अडचण साधी होती. ज्या जहाजावर पैसा लावायचा, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नसे. १७६० साली त्यांनी संस्था काढली आणि जहाजांची नोंदवही छापण्यास आरंभ केला. तिच्यात नाव, कप्तान, मालक, वजनक्षमता, बांधणीचे ठिकाण आणि शेवटी दर्जा असे. जहाजाच्या अंगाला ए, ई, आय, ओ, यू ही स्वराक्षरे मिळत. नांगर, दोर, शिडे अशा सरंजामाला पुढे आकडे मिळू लागले. १७७५ मध्ये ‘ए१’ प्रथम उमटले.

यानंतरचा भांडणाचा भाग मला सर्वांत बोधप्रद वाटतो. १७९८च्या सुमारास विमेकऱ्यांनी दर्जा ठरवताना जहाजाचे वय आणि बांधणीचे ठिकाण यांना निर्णायक महत्त्व दिले. थेम्सकाठी बांधलेल्या जहाजाला पहिला दर्जा अधिक वर्षे लाभे, इतर बंदरांतील जहाजाला कमी. जहाज कितीही उत्तम राखले, तरी वर्षे भरली की दर्जा उतरलाच! मग मालकाने मजबूत लाकडावर खर्च का करावा? चिडलेल्या जहाजमालकांनी १७९९ मध्ये आपली स्वतंत्र वही काढली. विमेकऱ्यांची ती हिरवी वही आणि मालकांची ती लाल, अशी ओळखच पडली. एकच जहाज, दोन वह्या आणि निवाडा करणारे दोन्ही पक्ष हितसंबंधी, असा हा प्रकार पस्तीस वर्षे चालला. दोघांचेही दिवाळे वाजण्याची वेळ आली, तेव्हा १८३४ मध्ये दोन्ही वह्या एक झाल्या.

नव्या संस्थेने नियम छापले, बंदरोबंदरी तपासनीस नेमले आणि कोणत्या लाकडाला किती वर्षे पहिला दर्जा द्यायचा याचे कोष्टक केले. ही प्रगती खरीच. परंतु त्या दर्जांच्या व्याख्या वाचा. ‘ए’ संपल्यावरही कोरडा, नाशिवंत माल सुरक्षित नेऊ शकेल ते जहाज एका वर्गात. समुद्राच्या पाण्याने बिघडणार नाही असाच माल नेण्याजोगे जहाज ‘ई’ वर्गात. असा माल केवळ जवळच्या सफरींत नेण्यापुरते उरलेले ‘आय’ वर्गात. चहा भिजेल की नाही, हा येथे प्रश्न आहे. खलाशी बुडेल की नाही, हा प्रश्न त्या व्याख्येत नाही. कॅनडातून लाकूड आणणारी जहाजे परतीच्या फेरीत स्थलांतरितांना नेत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्गवारीतील मौन किती भयंकर होते ते उमगते. खलाशांच्या जिवाचा प्रश्न सॅम्युएल प्लिमसोलला संसदेत वेगळा लढवावा लागला. १८७६च्या कायद्याने जहाजावर भाररेषा सक्तीची झाली खरी, पण ती कोठे आखायची हे मालकानेच ठरवायचे! ती पळवाट बुजण्यास १८९० उजाडले.

माझे मत असे की, ही कागदपत्रे आपण बखरीसारखी वाचावीत. बखर कोणी, कोणासाठी, कोणाच्या आश्रयाने लिहिली हे विचारल्याशिवाय आपण तिच्यावर विसंबत नाही. इंग्रजी छापील रकाने दिसले की मात्र आपली चिकित्सा गळून पडते.

याचा अर्थ ती टाकाऊ आहेत असा मुळीच नव्हे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांविषयी समाजमाध्यमांवर पुष्कळ भावनावश मजकूर फिरतो. त्यापेक्षा भक्कम पुरावा प्रतिपक्षाच्या दप्तरातच आहे. १८१४च्या सुमारास लंडनचे जहाजबांधणीवाले हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांविरुद्ध संसदेकडे धावले होते. पुढे वीस वर्षांनी त्याच शहरात छापलेल्या कोष्टकात सागवान इंग्रजी ओकच्या पंक्तीला, सर्वांत दीर्घ मुदतीच्या गटात बसले. विमेकऱ्याला हिंदुस्थानाचे प्रेम नव्हते; त्याला आपल्या पैशाची काळजी होती. म्हणून त्याची साक्ष मोलाची.

तिची मर्यादाही पाहा. कोलकात्यासमोर हुगळीच्या पलीकडे, सालकिया येथे १८५३ मध्ये ‘एडविन फॉक्स’ हे सागवानी व्यापारी जहाज बांधले गेले. त्याने क्रिमियाच्या युद्धात सैनिक नेले, ऑस्ट्रेलियाला कैदी नेले, न्यूझीलंडला वसाहतकरी नेले. पुढे मांस गोठवण्याचे तरंगते कोठार म्हणूनही ते राबले. त्याचा सांगाडा आजही न्यूझीलंडमधील पिक्टन येथे उभा आहे. ते सागवान तासणाऱ्या सुतारांची नावे दर्जाच्या वहीत शोधू नका. तसा रकानाच नव्हता. १८२३च्या कायद्याने लष्करांना, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांना, ‘ब्रिटिश खलाशी’ या व्याख्येतूनच वगळले होते. त्यांचा माग हजेरीपटांत आणि न्यायालयीन कागदांत काढावा लागतो.

तपासनिसांचे मूळ अहवाल आता मोठ्या संख्येने महाजालावर विनामूल्य पाहता येतात. एखादा उघडा. कण्याचे लाकूड कोणते, खिळे तांब्याचे की लोखंडी, तळाला पत्रा केव्हा ठोकला, साखळदंड किती लांबीचे, हे सारे सुबक अक्षरांत लिहिलेले सापडेल. मग तपासनिसाचे शुल्क कोणाच्या खिशातून आले, तेही पाहा.