जखमेची पोचपावती

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी पेटी आहे. तिच्यात दागिने नाहीत, पावत्या आहेत. कारखान्याला ऊस घातल्याच्या वजनाच्या पावत्या, सोसायटीचे कर्ज फेडल्याच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या, लाईटबिलाच्या, आणि अलीकडे माझ्या कॉलेजच्या फीच्या. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. आईला सहीपुरती अक्षरे येतात. तरीही एकही पावती त्यांनी आजवर टाकून दिलेली नाही. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, कागूद ऱ्हातो," असे वडील म्हणतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे त्या पेटीची किल्ली आता माझ्याकडे आली आहे.

या पेटीची आठवण होण्याचे कारण म्हणजे एका परदेशी सैनिकाची हकीकत. मध्यंतरी ती माझ्या वाचनात आली आणि तेव्हापासून मनातून जात नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सेंट पीटर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील एक गृहस्थ तरुणपणी कोरियाच्या युद्धात लढले. १९५१ सालच्या जून महिन्यात त्यांच्या तुकडीवर उखळी तोफांचा मारा झाला आणि गोळ्याचा एक तुकडा त्यांच्या मांडीत शिरला. त्या धुमश्चक्रीत आपण जखमी झालो आहोत हे त्यांना लगेच कळलेसुद्धा नाही. हाताला रक्त लागले तेव्हा कळले. तुकडीबरोबरच्या वैद्यकीय सहायकाने जखमेला पट्टी बांधली आणि "कागदपत्रांचे मी बघतो" असे सांगितले. ती नोंद कधीच झाली नाही. तो सहायकच पुढे मारला गेला असावा, असे या सैनिकाला वाटते.

युद्ध संपले. सैनिक घरी आला, संसाराला लागला. धातूचा तुकडा मांडीत तसाच राहिला आणि दुखत राहिला. लढाईविषयी ते फारसे कोणाशी बोलत नसत. म्हातारपणी मुलींनी आग्रह धरला, तेव्हा त्यांनी आपल्या जखमेसाठी 'पर्पल हार्ट' हे पदक मागितले. पुरेशी कागदपत्रे नाहीत म्हणून लष्कराने मागणी फेटाळली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. या गृहस्थांनी ती वयाच्या ९६व्या वर्षी चढली. २०२३ साली त्यांनी आपल्याच देशाच्या संरक्षण खात्यावर दावा लावला. अखेर २०२४ साली पदक मंजूर झाले. जखम झाल्याला तेव्हा ७३ वर्षे लोटली होती.

ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, "शेवट गोड झाला ना? मग तक्रार कसली?" माझी तक्रार त्या ७३ वर्षांबद्दल आहे. ती समजण्यासाठी हे पदक कोणत्या जातीचे आहे, ते आधी पाहावे लागेल.

१७८२ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी साध्या शिपायांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाचे एक मानचिन्ह सुरू केले होते. पुढे ते विस्मरणात गेले. १९३२ साली, वॉशिंग्टन यांच्या जन्माला २०० वर्षे झाली तेव्हा, त्याचे 'पर्पल हार्ट' या नावाने पुनरुज्जीवन झाले. आज ते शत्रूच्या हातून जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला मिळते. शौर्याच्या पदकासाठी वरिष्ठांची शिफारस लागते. कोणाचे धाडस किती मोठे, हे तोलावे लागते आणि तेथे मतभेदाला जागा असते. पर्पल हार्टला शिफारस लागत नाही. जखम शत्रूमुळे झाली, तिच्यावर उपचार झाले आणि त्याची सरकारी दप्तरात नोंद आहे, एवढे असले की सैनिकाचा त्यावर हक्कच असतो. तो भित्रा होता की शूर, हा प्रश्नच कोणी विचारीत नाही.

म्हणून मला वाटते की शौर्यपदक हे बक्षीस आहे आणि जखमेचे पदक ही पोचपावती आहे. देशाने माणसाकडून काही घेतले, ते पोचले, असे देशाने लिहून द्यायचे. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते. पावती देणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य असते. ऊस उतरवून घेतल्यावर काट्यावरचा कारकून "पावतीसाठी आधी तू ऊस आणला होतास हे सिद्ध कर" असे म्हणाला, तर आमच्या गावात काय होईल ते सांगायला नको!

यातला एक तपशील तर मला फारच बोचला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानवर स्वारी करायचे ठरले होते. तिच्यात किती माणसे जखमी होतील याचा अंदाज बांधून अमेरिकेने पर्पल हार्ट पदके आधीच पाडून ठेवली. ती स्वारी झाली नाही. सुमारे ५ लाख पदके शिल्लक राहिली आणि कोरिया व व्हिएतनामच्या युद्धांत तीच वापरात आली. म्हणजे आपला हा सैनिक १९५१ साली जखमी झाला तेव्हा पदके गोदामात तयार पडली होती. अडले ते एका चिठोऱ्यावाचून.

त्या वैद्यकीय सहायकाला दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. त्याच कोरियात आपल्या देशाचे ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली काम करीत होते. भारताने तेथे लढायला फौज पाठवली नाही, जखमा बांधायला माणसे पाठवली. अशा माणसांचा हात आधी पट्टीकडे जातो, लेखणीकडे नंतर. तसाच तो गेला पाहिजे. पण मग लेखणी राहून गेल्याची शिक्षा जखमी माणसाने का भोगावी? आमचे वडील काट्यावर तासभर उभे राहून पावती घेऊ शकतात. तोफगोळे पडत असताना पावती मागायला कोण थांबेल?

आणि कागद झाला तरी तो टिकतोच असे नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस येथील सरकारी दप्तरखान्याला आग लागली. सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली तीत जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून निवृत्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. कोरियात लढलेले अनेक जण त्यांत आले. दप्तर सरकारचे, आग सरकारच्या इमारतीला, आणि पुरावा आणायचा सैनिकाने, हा कोणता न्याय?

आमच्या वर्गात या विषयावर चर्चा झाली, तेव्हा एका मित्राने रास्त शंका काढली. तो म्हणाला, "नियम सैल केले तर खोटे सैनिक पुढे येतील आणि खऱ्या पदकाची किंमत जाईल." त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमेरिकेत न मिळवलेली पदके मिरवणारे इतके निघाले की २००६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो २०१२ साली भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, आणि खोट्या पदकाच्या जोरावर पैसा किंवा लाभ उकळणाऱ्यांसाठी २०१३ साली नवा कायदा आला. तेव्हा तपासणी हवीच. माझे म्हणणे इतकेच की तपासणी करणाऱ्याने स्वतःही थोडे चालावे. कोणती तुकडी कोणत्या दिवशी कोठे लढत होती, हे सैनिकापेक्षा सरकारला अधिक ठाऊक असते. मांडीतला लोखंडाचा तुकडा क्ष-किरणांत दिसतो. जखम कशाची असावी, हे डॉक्टर सांगू शकतात. या सगळ्यांपेक्षा एक हरवलेला कागदच मोठा ठरावा काय?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो आपल्या संस्कारातून येतो. "खरा शूर मागत नाही. मागून घेतलेला मान कसला?" हे ऐकायला उदात्त वाटते. पण न मागणाऱ्याचे कौतुक करणे देणाऱ्याला फार सोयीचे असते, हे आपण विसरतो. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिम्पिक खेळाडू. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली आणि अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५मध्ये. हे सन्मान जखमेचे नव्हेत, खेळाचे, हे मला मान्य आहे. पण ज्यांचे नाव जगाच्या नोंदीत होते त्यांना इतकी वर्षे लागली, तर ज्यांची नोंदच नाही त्यांचे काय?

हे मी लांबचे बोलत नाही. आमच्या वाडीत एक माजी सैनिक आहेत. सगळी वाडी त्यांना नाना म्हणते. १९७१च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर त्यांच्या पोटरीत गोळ्याची कपची शिरली. जागेवरच मलमपट्टी झाली आणि थोड्या दिवसांत ते पुन्हा तुकडीत उभे राहिले. वय वाढले तसा तो पाय ओढू लागला. लहानपणी आम्ही मुले त्यांच्या मागून लंगडत चालायचो आणि हसायचो. मीही त्यांत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

भारतातही शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या सैनिकासाठी पदक आहे. इंग्रजीत ते 'वूंड मेडल', आपल्याकडे 'पराक्रम पदक'. दिवाळीच्या सुट्टीत मी नानांना त्याविषयी विचारले. ते हसून म्हणाले, "पोरी, पाय जाग्यावर ऱ्हायला ह्येच लई झालं. पदक घिऊन काय करू?" मग थोड्या वेळाने उठले आणि ट्रंकेतून आपले डिस्चार्ज बुक काढून माझ्यापुढे ठेवले. "समदं लिवलंय त्यात. वाच."

मी वाचले. भरतीची तारीख होती, निवृत्तीची तारीख होती, कोठे कोठे नोकरी झाली ते होते. जखमेबद्दल एक अक्षरही नव्हते. नानांना इंग्रजी येत नाही. इतकी वर्षे ते समजत होते की आपली जखम त्या पुस्तकात लिहिलेली आहे. त्या विश्वासावर त्यांनी ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. "लिवलंय न्हवं?" त्यांनी पुन्हा विचारले. खोटे बोलावे असे क्षणभर वाटले. पण मी खरे तेच सांगितले. शिकण्याचा हाही एक भाग असतो, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आले नव्हते.

नाना बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "आरज कुठं करायचा आसतो गं?"

न मागण्यातले मोठेपण मला तेव्हा खोटे वाटू लागले. त्यांना पदक नको नव्हते. मागायची सोयच त्यांना कोणी सांगितली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. तुकडीचे नाव, महिना, जागा, बरोबरच्या दोन हयात सोबत्यांची नावे, आणि पोटरीच्या क्ष-किरण तपासणीचा डॉक्टरांचा दाखला. उत्तर अजून आलेले नाही. पोस्टाची पावती आमच्या पेटीत ठेवली आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात माजी सैनिक नाही असे गाव शोधूनही सापडणार नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी सात दिवस एका गावात राहतो, गटारे साफ करतो, बांध घालतो. ही कामे चांगलीच आहेत. येत्या शिबिरात त्यांच्या जोडीला आणखी एक काम घ्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्ध सैनिकाजवळ बसावे, त्याचे डिस्चार्ज बुक त्याला वाचून दाखवावे, त्यात जे नाही ते त्याच्याकडून ऐकून तारीखवार लिहून घ्यावे आणि त्याची सही किंवा अंगठा घेऊन एक प्रत त्यालाच द्यावी. याला पैसा लागत नाही. वही लागते आणि वाचता येणारा माणूस लागतो. आपल्यापैकी बरेच जण आपापल्या घरातले पहिले वाचणारे आहोत. साक्षीदार हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)