निर्णय कुणाचा, भोग कुणाचे?

दिवाळीची सुट्टी संपवून आपण कॉलेजात परततो, त्या सुमारास कॅन्टीनमागे दरवर्षी कुत्रीची पिले दिसू लागतात. पहिले आठ-पंधरा दिवस त्यांचे कोण कौतुक होते! कोणी बिस्किटे घालतो, कोणी बारसे करतो, कोणी मोबाइलवर फोटो काढतो. मग स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. ती ओसरेपर्यंत सहांतली दोनच पिले उरलेली असतात. बाकीची कुठे गेली, हे कोणी विचारीत नाही. मीही कधी विचारले नव्हते. पण गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच अंगणात येऊन उभा राहिला, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न साधा आहे. पाळलेल्या कुत्रीचे पिले न होण्याचे ऑपरेशन करावे की करू नये? वार्षिक अंकात हा काय विषय झाला, असे म्हणून काही मित्र हसतील. हसू द्या. आमच्या घरी या विषयावर महिनाभर रोज रात्री जेवताना वाद झाला आहे, आणि त्या वादात जे मुद्दे निघाले ते एका कुत्रीपुरते नव्हते, असे मला आता वाटते.

आमची तांबी जातिवंत वगैरे नाही. गावठी आहे. गोठ्याच्या दारात झोपते, भाकरीवर जगते, आणि रात्री परका माणूस बांधावर आला तरी घर उठवते. गेल्या भाद्रपदात ती माजावर आली आणि आठ-दहा दिवस गावभरची कुत्री आमच्या दारात ठाण मांडून बसली. कुत्रीचे गाभणपण साधारण त्रेसष्ट दिवसांचे. दिवाळीनंतर गवताच्या गंजीआड सहा पिले झाली. दोन कुत्रे, चार कुत्र्या.

दोन्ही कुत्रे महिनाभरात गेले. एक डेअरीवाल्याने नेला, दुसरा वरच्या वाडीला आत्याकडे. पिले बघायला जो येई तो आधी पिलू उलटे करून बघे आणि म्हणे, “कुत्रा असंल तर द्या, कुत्री नको.” का नको? तर ती विते. चौघींपैकी एक थंडीत गेली. तिघी उरल्या. त्या दूध सोडून भाकरी खाऊ लागल्या, कोंबड्यांच्या मागे लागू लागल्या, तेव्हा एके सकाळी अण्णा म्हणाले, “बाजारात सोडून ये.”

मी सोडून आलो. खताच्या रिकाम्या पोत्यात तिघींना घातले, पोत्याचे तोंड सैल बांधले आणि मोटारसायकलवरून सात किलोमीटर गेलो. मटणाच्या दुकानांमागे पोते मोकळे केले. इथे त्यांना खायला मिळेल, असे मी स्वतःला सांगितले. दोघी तिथेच वास घेत राहिल्या. तिसरी मात्र गाडीमागे मोरीपर्यंत पळत आली. मी आरशात पाहिले आणि गाडीचा वेग वाढवला. घरी तांबी तीन दिवस गंजीआडचा तो कोपरा हुंगत होती.

यंदा उन्हाळ्यात मी घरी विषय काढला. पुन्हा भाद्रपद येण्याआधी तांबीचे ऑपरेशन करून घेऊ. त्यावर जे आक्षेप निघाले, त्यांचा मी प्रामाणिकपणे विचार केला. तोच येथे मांडतो.

पहिला आक्षेप आजीचा. “देवानं दिल्यालं माणसानं काढून घेऊ नये. पाप लागतं.” आजीला उलट बोलायचे माझ्या जिवावर आले, पण गोठ्यात बांधलेल्या बैलांकडे बोट दाखवण्यावाचून मला राहवले नाही. बेंदराला आपण ज्यांची शिंगे रंगवतो, ज्यांना पुरणपोळी चारतो, ते दोन्ही बैल खोंड असतानाच खच्ची केलेले आहेत. पूर्वी हे काम ठेचून होत असे. नंतर डॉक्टरांचा चिमटा आला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही विहित पद्धतीने केलेले खच्चीकरण क्रूरतेत धरलेले नाही. शेतकऱ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आले आणि त्याला कोणी पाप म्हटले नाही, कारण त्यावाचून औत चालले नसते. याचा अर्थ बैलाला केले ते योग्यच होते असा मी काढीत नाही. एवढेच म्हणतो की, पापाचा मुद्दा आपण आपल्या सोयीने काढतो आणि सोयीने विसरतो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. हा आमच्या शिकलेल्या मंडळींचा आवडता. निसर्गात ढवळाढवळ करू नये म्हणे! पण ज्या दिवशी माणसाने कुत्र्याला उंबऱ्याशी बसवून भाकरीचा तुकडा टाकला, त्याच दिवशी ती ढवळाढवळ झाली. आपण त्याला पट्टा बांधतो, लस टोचतो, कोणत्या वेळी भुंकावे आणि कोणाला चावू नये हेही शिकवतो. आणि शेवटी पिले झाली की अचानक निसर्गाची आठवण होते. पोते आणि मोटारसायकल ही निसर्गात कुठे बसतात, हे मला कोणी सांगावे.

तिसरा आक्षेप आईचा. “एकदा तरी तिला आई होऊ दे,” असे ती पहिल्या विणीच्या वेळी म्हणाली होती, आणि यंदाही तिचे मन द्रवले होते. एक वीण झाली म्हणजे कुत्रीची तब्येत सुधारते असा समजही गावात आहे. डॉक्टरांना विचारले, तर त्याला वैद्यकीय आधार नाही असे ते म्हणाले. मातृत्वाची ओढ ही आपली माणसांची भाषा आहे. कुत्रीला माज येतो, पुढे पिले होतात, त्यांना ती जिवापाड जपते, हे खरेच. पण न झालेल्या पिलांसाठी ती झुरत असेल, असे मानायला काही आधार नाही. झालेली पिले नाहीशी झाल्यावर मात्र ती कोपरे हुंगते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथा आक्षेप आबांचा, म्हणजे आजोबांचा, आणि तो मला सर्वांत जड गेला. ऑपरेशन हा शब्द ऐकताच ते म्हणाले, “शहात्तर साल बघितलंय मी. माणसाला न इचारता केलं, तवा काय झालं ठावं हाय मला.” आणीबाणीच्या त्या दिवसांत सरकारी गाडी आली की माणसे उसात लपत, हे त्यांनी आम्हांला पूर्वीही सांगितले होते. १९७६ साली आपल्या राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात उतरले नाही. पण भीती मात्र आबांच्या पिढीच्या मनात उतरली ती उतरलीच. दुसऱ्याच्या देहाचा निर्णय त्याला न विचारता घेणारे आपण कोण, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. माणसावर सक्ती झाली ती निंद्य होती, कारण माणूस स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतो. त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतला गेला. तांबीला शब्दच नाही. म्हणून तिच्या बाबतीत दुसऱ्या कोणीतरी निर्णय घ्यावाच लागतो. ऑपरेशन केले तर तो आमचा निर्णय, आणि न केले तर तोही आमचाच निर्णय. फरक इतकाच की, पहिल्या निर्णयाची जबाबदारी आमच्या नावावर पडते, आणि दुसऱ्याचे भोग पोत्यातली पिले भोगतात. ‘आम्ही काहीच केले नाही, जे झाले ते आपोआप झाले’ असे म्हणून हात झटकणे, ही मला सर्वांत मोठी अप्रामाणिकता वाटते.

तांबीने संमती दिली, असे मी म्हणणार नाही. तिच्या देहाशी आम्ही मोकळीक घेतली, हे मान्य करूनच मी ऑपरेशनच्या बाजूने उभा आहे.

आता वैद्यकीय बाजू. ती एकतर्फी नाही. कुत्रीच्या ऑपरेशनात भूल देऊन, पोट उघडून अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात. कुत्र्याचे त्या मानाने सोपे. फायदा असा की, गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार मागे लागत नाही. सडांच्या गाठींचा धोकाही कमी होतो असे मानतात. १९६९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या माजापूर्वी ऑपरेशन केलेल्या कुत्रींत हा धोका जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. पुढे २०१२ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही असे दिसले. दुसऱ्या बाजूला, ऑपरेशननंतर जनावर सुटते, म्हणून खाणे बेताचे ठेवावे लागते. काही कुत्रींना पुढे लघवी धरवत नाही. मोठ्या जातीच्या कुत्र्यांचे फार लहानपणी ऑपरेशन केले तर सांध्यांची दुखणी वाढू शकतात, म्हणून वाढ पुरी होईपर्यंत थांबा, असे डॉक्टर सुचवतात.

तेव्हा सर्वांना सरसकट एकच नियम लावा, असे माझे म्हणणे नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये एकच कुत्रा साखळीवर फिरवणाऱ्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊन थांबायचे ठरवले, तर त्याला मी दोष देणार नाही. माझी कसोटी एकच आहे. जी पिले होतील त्यांतल्या प्रत्येकीचा हिशेब तुम्ही देऊ शकता काय? प्रत्येक‘चा’ नव्हे, प्रत्येक‘की’चा. कारण कुत्र्यांना घरे मिळतात. रस्त्यावर येतात त्या कुत्र्या. आणि गंमत अशी, की कुत्री नको म्हणणाऱ्याला तिच्या पिलांचीच धास्ती असते. ऑपरेशनची रीत गावात पडली तर ती धास्ती उरणार नाही, आणि कदाचित कुत्रीलाही दार उघडले जाईल.

भटक्या कुत्र्यांवरून आज देशभर भांडण चालू आहे. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांचे ऑपरेशन व लसीकरण करून त्यांना जिथून पकडले तिथेच परत सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. दहा-बारा दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता इतरांना ऑपरेशन आणि लस देऊन मूळ जागी सोडावे, असे सांगितले. वर्तमानपत्रे वाचून आम्ही पारावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोललो. पण ही कुत्री आभाळातून पडत नाहीत. त्यांतली काही माझ्यासारख्यांनी पोत्यातून आणून सोडलेली असतात. लस न टोचलेली ती पिले मोठी होतात. माणसांना होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांपासूनच येतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. मग बाजारातल्या एखाद्या पोराला कुत्रे चावले, की दोष नगरपालिकेचा!

महाभारतातला धर्मराज स्वर्गाच्या दारात उभा राहिला, पण सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत जायला तयार झाला नाही. ही गोष्ट आजीनेच मला सांगितलेली. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, खंडोबाजवळही कुत्रा असतो. आपण त्यांना हात जोडतो. मोरीपर्यंत पळत आलेले पिलू मात्र आपल्याला आरशातच बघवते. आजीला मी हे म्हणालो, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “न्यायची तर भाद्रपदाच्या आधी ने.”

तसे आम्ही केले. खर्च दुधाच्या एका बिलाएवढा आला. तांबीला घरी आणली तेव्हा ती भुलीत लडबडत होती, आणि टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात नरसाळे बांधले होते. दोन दिवस ती माझ्याकडे पाठ करून निजली. आबा रात्री उठून तिला पांघरूण घालीत होते. बारा दिवसांनी टाके निघाले. पंधराव्या दिवशी तिने पोस्टमनवर भुंकून आपला हुद्दा परत घेतला.

मी सुखी झालो असे म्हणणार नाही. त्या तिघी काही परत आल्या नाहीत. आठवडा बाजाराला गेलो की मटणाच्या दुकानांमागे अजूनही नजर जाते. पण यंदाच्या दिवाळीनंतर आमच्या गोठ्यात पोते काढावे लागणार नाही.

आणि मित्रहो, कॅन्टीनमागची ती कुत्री अजून आहे. बिस्किटांसाठी आपण पैसे काढतोच. त्याच पैशांत थोडी भर घालून यंदा तिला डॉक्टरांकडे नेता येईल काय?