दुकानाचे उघडे दार

गिरगावातील गायवाडीत 1942 साली चार मित्रांनी एका लहानशा जागेत रंग बनविण्यास प्रारंभ केला, तेव्हा रंगांच्या बाजारपेठेवर परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते. महायुद्धामुळे आयात आटली होती; ती संधी त्यांनी साधली. शहरांतील बडे घाऊक व्यापारी या नवख्यांना दारात उभे करीनात, म्हणून ‘एशियन पेंट्स’ने लहान गावांतील किरकोळ दुकानदार गाठला आणि सामान्य गिऱ्हाइकास परवडतील असे छोटे डबे त्याच्यामार्फत विकले. 1967 मध्ये ती देशातील पहिल्या क्रमांकाची रंगकंपनी ठरली. 1978 मध्ये तिने फिजीत पाऊल टाकले.

हे यश निःसंशय स्पृहणीय आहे. परंतु दुकानाचे उघडे दार हाच त्याचा पाया होता, याचे विस्मरण होता कामा नये. नव्या प्रतिस्पर्ध्याचा माल ठेवू नये म्हणून विक्रेत्यांवर दडपण आणले जाते, अशा तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने 2025 मध्ये याच कंपनीच्या चौकशीचा आदेश दिला. चौकशीचा निष्कर्ष काहीही असो. कोणाचा डबा फळीवर ठेवावा, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य विक्रेत्याचेच राहिले पाहिजे. ते त्या काळी नसते, तर ही कंपनी गायवाडीबाहेर पडलीच नसती.